सांभाराच्या वावरातला पांढरा माणूस

त्या सकाळचं धुकं अजून डोळ्यांपुढून हटत नाही. पुलगाव भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, वावरात परग्रहावरचा माणूस उतरला. अंगभर पांढरा, तोंडच नाई त्याले! लवकर या जी."

गेलो. कोथिंबीर, म्हणजे इकडचा सांभार, फुलावर होती. त्या पांढऱ्या फुलोऱ्यात तो पांढरा आकार तरंगल्यासारखा फिरत होता. सगळीकडून बारीक गुणगुण येत होती. बांधावर गाव उभं होतं. एका म्हातारीनं हात जोडले होते. मीही नकळत टोपी काढली.

मग त्यानं तोंडावरची जाळी वर केली. आत घामेजलेला, परप्रांतातला चेहरा. त्याच्यामागं बांधालगत लाकडी डब्यांची रांग दिसली.

"हा तं माणूसच हाय!" पाटील हिरमुसले.

"मंग इथं काऊन आला?" म्हातारी म्हणाली. "चोर असन."

लोकांनी दगड उचलले. मी त्याला जीपमध्ये घातलं; डबे वावरातच राहिले. गावापासून वाचवायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

"डिब्बों में क्या है?" मी ठाण्यात विचारलं.

"मधुमक्खी, साहब. फूलों के पीछे घूमते हैं हम."

जवळच दारूगोळ्याचं भांडार, आणि हा अनोळखी माणूस, हे रांगेतले डबे. डबा उघडायला एकही शिपाई धजेना. माझा संशय वाढला.

संध्याकाळी तो गजांना धरून म्हणाला, "साहब, बगल के खेत में सुबह दवा छिड़केंगे. मक्खियाँ मर जाएँगी. सिपाही साथ दो, डिब्बे बंद करके लौट आऊँगा."

"पहले तेरा पता पक्का होने दे."

सकाळी त्याच्या गावच्या ठाण्याचा निरोप आला: घराणंच मधमाश्या पाळणारं. आम्ही वावरात पोचलो तेव्हा फवारणी उरकली होती. गुणगुण थांबली होती. डब्यांपुढं मेलेल्या माश्यांचा थर होता. तो उकिडवा बसून त्या ओंजळीत घेत राहिला.

"साहब, बाप पूछेंगे, डिब्बे खुले छोड़कर कहाँ था. इतना लिख दो कि थाने में था."

मी लिहून दिलं नाही. स्टेशन डायरीत नोंद केली: 'ओळखपत्र नसल्याने चौकशी केली. सोडून दिले. तक्रार नाही.' ओळखपत्र त्यानं आल्याआल्याच माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी ते उचललंही नव्हतं.

आकाशातून कुणी आलं तर काहीतरी मिळेल, असं माणसाला वाटतं. दुसऱ्या प्रांतातून आलेला मात्र काहीतरी नेणारच, हे आपण आधीच ठरवलेलं असतं. गावाच्या भाबडेपणावर मी नंतर हसलो होतो. निदान गावानं क्षणभर हात तरी जोडले.

त्याचे वडील हयात असतील की नाही, ठाऊक नाही. तरी लिहितो. तो रात्रभर ठाण्यात होता. डबे बंद करू द्या, म्हणत होता. मी जाऊ दिलं नाही.