कोळणीची चुंबळ

शनिवार, ७ डिसेंबर १९८५, सकाळी साडेआठ, जुहू विमानतळ. हजर: कॅप्टन दळवी, मेकॅनिक सावंत आणि मी. देव हजर होता की नाही, याची तेव्हा मला खात्री नव्हती.

पत्नी आठ महिने आजारी होती. घर, अंधेरीचं इस्पितळ आणि हँगर अशा तीन याद्या मी खिशात ठेवी. वेळ पुरेना, म्हणून सकाळच्या यादीतली पूजेची ओळ खोडून टाकली. इतका थकलो होतो, की देवाशी भांडायचंही राहून गेलं.

त्या छोट्या विमानाच्या इंजिनाला मी नवा इंधनपंप बसवला होता. हा पंप ऐन वेळी बंद पडला तर इंजिन उपाशी राहू नये, म्हणून विजेवरचा बूस्ट पंप जोडीला असतो. उडताना-उतरताना तो चालू ठेवायचा. कॅप्टननी तो चालू केला. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात स्थिरावला. "चला, बसा," ते म्हणाले. चाचणीला माझी जागा त्यांच्या शेजारी.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन आत आली. "अरं, केवरा वास येतंय पेट्रोलचा!"

"मावशी, तो तुझ्या बोंबलांचा," सावंत हसला.

"माजे बोंबलांचा मना येत नाय. तसा तुमचा तुमाला येत नाय."

तिने टोपली उतरवली आणि डोक्यावरची कापडी चुंबळ माझ्या हातात दिली. "पुसून बघ."

पंप बंद करवून मी इंजिनाचं झाकण काढलं, चुंबळ पंपाच्या नळीच्या मागून फिरवली. विमानाचं पेट्रोल निळं असतं; ती निळी, ओली होऊन आली. नट नुसता हाताने आवळलेला. आदल्या दिवशी पाना लावणार, तोच इस्पितळातून फोन आला होता. परत येऊन मी हँगरच्या यादीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. एवढ्याशा गळतीने काटा हलत नाही. पण खालचा एक्झॉस्ट तापला, की मनोरीच्या खाडीवर पोचेपर्यंत आग लागली असती.

कॅप्टन खाली उतरले आणि म्हणाले, "सावंत, चहा सांग."

मी वळलो तर ती निघून गेली होती. पुढचे दोन रविवार कोळीवाड्यात विचारलं. कुणी ओळख सांगेना. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. माझ्या कामाचा वास मला येत नाही, तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो, एवढं मात्र मान्य केलं. शरण जाणं याहून वेगळं असेल असं वाटत नाही.

पत्नीचं दुखणं पुढेही चाललं. पूजेची ओळ परत आली. माझा प्रत्येक नट आता सावंत तपासतो. चुंबळ धुऊन कपाटात ठेवली आहे. 'चुंबळ परत करणे' ही ओळ मी दर नव्या यादीत उतरवतो. तिच्यापुढे खूण अजून झालेली नाही.