सत्काराच्या खुर्चीत

एसटीला पळत मागं टाकल्याची गोष्ट मी पारावर इतक्यांदा सांगितली होती, की पुढं पुढं ड्रायव्हर मला बघून ब्रेक मारायला लागले. हे शौर्य अंगाशी आलं ते गेल्या हिवाळ्यात.

माझा शेजारी मेंढ्या राखतो. त्याच्या बायकोचा खुबा मोडला. बाई खाटेवर. नवा सांधा बसवायला जवळचे पैसे पुरेनात, आणि डॉक्टर सांगत होते, जितका उशीर कराल, तितकं पुन्हा उभं राहणं अवघड.

तेवढ्यात अंबाजोगाईला एकवीस किलोमीटरची हाफ मॅरेथॉन ठरली. रस्ता आमच्या गावापर्यंत येऊन परत.

सरपंच पारावर म्हणाले, “लई पळतोस न्हाई का? मग पळ. मेडल दिसलं की सगळं गाव वहिनीच्या ऑपरेशनला पैसे देईल. सगळ्यात जास्त मी.”

“अन् न्हाई मिळालं तर?”

“तर तुझ्या थापा बंद, अन् पैसेबी बंद.”

मेडलची अट एकच होती, तीन तासांच्या आत परत. उशिरा येणाऱ्याला केळं मिळणार, मेडल नाही. माझं पोट तर तेव्हा कुठंही माझ्याआधी पोचायचं.

गावापर्यंत मी बरा पळालो. म्हणजे माझ्यापुढं फक्त आख्खी शर्यत होती. मागं एक आजोबा होते, तेही बुटाची नाडी बांधायला थांबलेले.

वेशीवर बघतो तर मंडप! माइक, सतरंज्या, मधोमध लाल मखमली खुर्ची. आमच्या गावात कुणी काही केलं, करणार असलं, किंवा करायचं राहून गेलं, तरी सत्कार होतोच. पण शर्यत चालू असताना सत्कार ठेवायची अक्कल फक्त आमच्याच गावाची.

बायका ओवाळायला पुढं आल्या. एकीची वात विझली, ती परत लावली. मी जागच्या जागी पळत होतो, त्यामुळं कपाळाचं कुंकू कानापर्यंत गेलं. फेटा बांधणाऱ्यानं तर एवढं कापड काढलं, की अर्ध्या गावाची लुगडी निघाली असती. मनगटावरचं घड्याळ टिकटिकत नव्हतं, घण घालत होतं.

सरपंचांनी माइक धरला. “दोनच शब्द बोलतो.”

एका बारशाला ते असेच उभे राहिले होते. भाषण संपलं तेव्हा बाळ रांगत होतं.

“सरपंच, टाइम चाललाय!”

“बस बे. कावून घाई करतोस? गावाचा मान हाय.”

“मेडल जाईल की!”

“अन् मान गेल्यावर? सत्कार टाकून गेलास तर माझे पैसे धरू नको.”

बसलो तर मेडल गेलं, पळालो तर सरपंचांचे पैसे गेले. दोन्हीकडून वहिनी खाटेवरच.

सतरंजीवरून शेजारी उठला. माणसांपेक्षा मेंढ्यांशी जास्त बोलणारा गडी. त्यानं माझ्या डोक्यावरचा फेटा उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसला.

“माझ्याच घरासाठी पळायलाय ना त्यो? मग सत्कार माझा करा. भाषण संपस्तोवर हालत न्हाई मी. तू पळ बे!”

सरपंचांनी बघितलं. खुर्ची भरलेली, माणसं बसलेली, माइक चालू. त्यांनी घसा खाकरला. “आजचे सत्कारमूर्ती...”

मी सुटलो. चढावर पोटरीत गोळा आला. होता आंब्याएवढा, पण मी पपईएवढा सांगतो. दम असा लागला, की कडेच्या बाभळी माझ्या श्वासानं हलत होत्या. शेवटच्या वळणावर बघतो, तर माणसं दोर सोडत होती. शर्यत संपायची हवा भरलेली कमान वाकायला लागली होती. ती डोक्याला टेकतेय, तोवर मी खालून निसटलो. घड्याळवाल्यानं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत घड्याळाकडं.

“आत हाय.”

मेडल गळ्यात पडताच मी शेजाऱ्याला फोन लावला. “मिळालं!”

पलीकडं माइक अजून गरजत होता.

“आता उठ की,” मी म्हणालो.

“कसा उठू? पैशांचा आकडा बोलले न्हाईत अजून. माइकवर बोलले की फिरवता येत न्हाई त्यांना.”

मी तिथंच मातीत बसलो, फोन कानाला लावून. सरपंच गावाच्या इतिहासावरून विकासावर आले, विकासावरून पुन्हा इतिहासावर गेले. माझी बॅटरी लाल झाली. मग अचानक टाळ्या कडाडल्या.

शेजारी खुर्चीतून उठल्याचा आवाज आला.

“बोलले,” तो म्हणाला. “तिला सांगाया जातो.”