दोन माणसांची रेघ

माझी आत्या बेकरीत केकवर नावं लिहायची. जन्मभर दुसऱ्यांचे वाढदिवस सजवून निवृत्त झाली आणि आमच्या घरामागच्या शेडमध्ये शिडाची बोट बांधायला बसली. बाबा तिचे धाकटे भाऊ. पोट सुटलेल्या या गृहस्थांना ती अजूनही ‘छोट्या’ म्हणते. पहिली फळी कापली तेव्हा बाबा म्हणाले होते, “ताईचं खूळ आहे, चार दिवसांत उतरेल.” ते काही उतरेना, तेव्हा त्यांनी ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला बोट द्यायचा शब्द देऊन टाकला. आत्याला विचारायची तसदी कोण घेतो?

हॉटेलवाला बघायला आला, तेव्हा बोट उलटी करून ठेवलेली होती आणि आत्या तिच्या बुडाला रंग देत होती. तोंडाला फडकं, केसांत लाकडाचा भुसा.

“दारातच ठेवू. आत बर्फ घालून सॅलड मांडू,” तो खुशीत म्हणाला. “पण बुडाला रंग कशाला वाया घालवताय? ते कुणाला दिसणारे?”

“माशांना,” आत्या म्हणाली आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

बाबा खाकरले. “ताई, मी शब्द दिलाय. रविवारी टेम्पो येईल.”

“येऊ दे की.”

एवढंच? मला तिचा भयंकर राग आला. पण आठवडाभर तिने हात थांबवला नाही. रंग वाळला की घासायचा, पुसायचा, पुन्हा द्यायचा. मग बोट सुलटी करून आतून वॉर्निश. बाबा शेडच्या तोंडाशी सतरंजी झटकायला गेले, तर ओल्या वॉर्निशवर धूळ बसेल म्हणून तिने त्यांना असं झाडलं की ते सतरंजीसकट पळाले.

शनिवारी तिने पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सगळीकडे सारखी उंची मोजून खुणा केल्या, चिकटपट्ट्या लावल्या आणि बोटीभोवती पांढरी रेघ ओढली. बोट पाण्यात इथपर्यंत बसणार.

बाबांनी कपाळाला हात लावला. “अगं, आधी तरंगू तर दे! मग मार रेघा.”

“तरंगणारच आहे. म्हणून आधी मारतेय.”

रविवारी टेम्पो आला. बोट चढवली, तिच्याशेजारी आत्याने वाळू भरलेल्या पिशव्या ठेवायला लावल्या आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

“तलावावर घे.”

“पण मला हॉटेलवर सांगितलंय...”

“सॅलडला पोहता येत नाही. बोटीला येतं. चल!”

ड्रायव्हर हसला आणि त्याने गाडी तलावाकडे वळवली. मी मागे बोटीला धरून बसले होते. लालबुंद बाबा स्कूटरवरून पाठलाग करत होते. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बोट तरंगली. आत्या चढून सुकाणूपाशी बसली. पण पांढरी रेघ पाण्याच्या दोन बोटं वरच राहिली. बाबांना एकदम हुरूप आला.

“बघ! चुकली रेघ. सांगत होतो ना?”

“रेघ चुकलेली नाही. ती दोन माणसांच्या वजनाची आहे. दुसरा काठावर उभा राहून मला अक्कल शिकवतोय. चढतोस, की वाळू भरू?”

“त्या खोक्यात मी पाय ठेवणार नाही.”

“बरं.” ती माझ्याकडे वळली. “पिशव्या दे गं.”

भाऊ तिला पुरता ठाऊक होता. शेवटची पिशवी आत गेली आणि पाणी बरोबर रेघेला लागलं. तिने शीड चढवलं आणि ती निघाली. मागे वळूनही पाहिलं नाही.

बाबा बराच वेळ बघत राहिले. “किती पिशव्या टाकल्यास?”

“सगळ्या.”

“सगळ्या? मी काही एवढा जड नाही.”

तलावाच्या मध्यावर बोट वळली आणि परत आली. एकेक पिशवी उचलून आत्याने काठावर फेकली, शेवटची बाबांच्या पायाशी. रेघ पुन्हा वर आली. मग ती एका बाजूला सरकून बसली.

बाबांच्या खिशात फोन वाजत होता. हॉटेलवाल्याचाच असणार. त्यांनी तो वाजू दिला आणि एक पाय बोटीकडे टाकला.

“बूट काढून,” आत्या म्हणाली. “वॉर्निश ताजं आहे.”