गुरुवारच्या सुट्टीचं शहर

ज्योतीरामला कुणी "पुण्याला असता होय?" असं विचारलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. आता खरं सांगायचं तर पहिली कितीतरी वर्षं तो स्वतःच औशाकडच्या आपल्या गावात जाऊन "मी पुण्याला असतो" म्हणून छाती काढून सांगायचा. तेव्हा कासारवाडीत रुळाशेजारच्या एका खोलीत पाच जण राहायचे, आणि पिंपरी-चिंचवड म्हटलं तर गावाकडच्या म्हाताऱ्यांना ते कुठलंतरी बाजाराचं गाव वाटायचं. मग मोशीत जागा घेतली, तिच्यावर दोन खोल्या उभ्या राहिल्या, घरपट्टी स्वतःच्या नावानं यायला लागली, आणि गडी बदलला. पुणं वेगळं, आम्ही वेगळे. दापोडीचा पूल ओलांडला की दुसरं शहर लागतं, हे त्यानं रिक्षावाल्यांपासून गॅसच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलंय.

रस्ते बघा म्हणायचा, केवढे रुंद. बागा बघा, उड्डाणपूल बघा. आमची महापालिका आशियात सगळ्यात श्रीमंत, असंही म्हणायचा. कुणी पुरावा मागितला तर "सगळ्यांना ठाऊक आहे की हो" म्हणून मोकळा. आपल्याकडं खड्डा दिसला तर दोष ठेकेदाराचा, आणि तसलाच खड्डा शिवाजीनगरला दिसला तर दोष अख्ख्या पुण्याचा. बायको रुक्मिणीबाई म्हणायची, एवढं कौतुक माहेरचंसुद्धा कुणी करत नाही.

चाकणच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या लाइनवर होता. या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. विजेच्या वाटणीपायी कधीकाळी ती ठरली म्हणतात, पण आता ती लोकांच्या अंगवळणी पडलीय. बारसं गुरुवारी, वास्तुशांत गुरुवारी, स्लॅब टाकायचा तो गुरुवारी, भांडण मिटवायचं तेही गुरुवारी. रविवारी पुणं उशिरापर्यंत लोळत असतं, तेव्हा मोशीच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली असते.

ज्योतीरामचं गणगोत म्हणजे ही गुरुवारची माणसं. औशाहून येऊन येऊन दोन जीपभर लोक येणार. बाकी ज्यांनी त्याच्या घराच्या स्लॅबला घमेली उचलली, रुक्मिणीबाईच्या ऑपरेशनला रक्त दिलं, ती सगळी शिफ्टची. त्यात पहिला मान विलासचा. विलास कासारवाडीतला, त्या रुळाशेजारच्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून राहिलेला. चौदा एप्रिलला विलासच्या घरी जेवण आणि दिवाळीला ज्योतीरामच्या घरी फराळ, यात कधी खंड नाही. रुक्मिणीबाईला सख्खा भाऊ नाही. राखी ती विलासलाच बांधते. त्यामुळे लेकीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नव्हता.

आणि लेकीनं, दीपमालानं, मुलगा निवडला तो पुण्याचा! तिच्याच बँकेतला रविराज. पोरगा सोन्यासारखा, बोट ठेवायला जागा नाही. त्याचे वडील अण्णासाहेब यांचं कसब्यात पितळी भांड्यांचं दुकान. माणूस मोकळा, पण पुण्याबाहेरच्या सगळ्या जगाला तो "तिकडं" म्हणायचा. तिकडं मोशीला, तिकडं मुंबईला, तिकडं अमेरिकेला. ज्योतीराम मनातल्या मनात फणफणायचा.

बैठक मोशीला ठरली, अर्थात गुरुवारी. रस्ते मोकळे होते. अण्णासाहेब अर्ध्या तासात पोचले आणि चहा घेताना म्हणाले, रस्ता छान आहे, पण माणूस दिसत नाही कुठं. ज्योतीराम म्हणाला, आमच्याकडं गर्दी करायला वेळ नसतो कुणाला. ते मोशीतच बसून म्हणाले, तिकडं पाहुण्याला दाखवण्यासारखं काय आहे, धुराडी? हा म्हणाला, पुण्यातल्या निम्म्या चुली त्या धुराड्यांवर पेटतात. दोघांनाही मजा येत होती. विलास शेजारी बसून गालातल्या गालात हसत होता.

मग तारीख निघाली. भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, एक गुरुवारचा आणि एक त्यानंतरच्या रविवारचा. ज्योतीरामनं गुरुवार धरूनच ठेवला होता. अण्णासाहेब म्हणाले, गुरुवारी लग्नाला कोण येणार, रविवार धरू. माझ्याकडून पाचशे माणूस येईल. आणि सुपारी हातात फिरवत सहज बोलून गेले, "तुमची अडचण होणार असेल तर सांगा. तिकडं एवढं माणूस जमायचं नाही कदाचित."

झालं. ज्योतीरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"रविवारच धरा," तो म्हणाला. "आमच्या शहराला माणसांचा तोटा नाही."

सुपारी फुटली, पेढे वाटले. विलासचं हसू तेवढं मावळलं. पाहुणे गेल्यावर रुक्मिणीबाई म्हणाली, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, आता आणा माणसं कुठून आणता ती. तेव्हा ज्योतीरामच्या डोक्यात उजेड पडला. रविवार म्हणजे पाळी चालू, त्यातून महिनाअखेर. गाड्यांची रवानगी असते, सगळ्यांच्या रजा बंद. लेकीचं लग्न म्हणून त्याला एकट्याला रजा मिळाली, ती मोठी मेहरबानी. विलासची रजा तर अर्ज पुढं करताच नाकारली गेली.

दीपमाला फार बोलणारी नाही. तिनं एवढंच विचारलं, "विलासमामा नसेल तर मला बोहल्यावर कोण आणणार?"

ज्योतीरामला चित्र दिसायला लागलं. पुण्याचे पाचशे लोक येणार, आणि आपल्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. इतकी वर्षं इथं काढली आणि या माणसाला इथं कुणी नाही, असं दिसणार. शब्द दिलेला, मोडायचा कसा? शेवटी मान खाली घालून त्यानं अण्णासाहेबांना फोन केला आणि लग्न संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर लावू या का, असं विचारलं. पहिली पाळी सुटली की माणसं येऊ शकतील, हे कारण काही त्यानं सांगितलं नाही. अण्णासाहेब लगेच कबूल झाले. जेवणं निवांत होतील म्हणाले. मग त्यांनी विचारलं, रविवारी संध्याकाळी यायला किती वेळ धरायचा?

आता इथं सांगायला हवं होतं की, अण्णासाहेब, रविवारी आमच्याकडं पाळी सुटते, नाशिकचा रस्ता तुंबतो, चांगलं लवकर निघा. पण आपल्या शहरात वाहनं अडकतात, हे पुण्याच्या माणसाला सांगायचं? जीभ वळलीच नाही त्याची.

"त्या दिवशी आलात तसंच," तो म्हणाला. "अर्धा तास."

लग्नाच्या दिवशी मोशीच्या कार्यालयात फुलांची कमान लागली. औशाची माणसं सकाळीच आली. पुण्याचे काही पाहुणे दुपारपासून येऊन पंख्याखाली बसले होते. ज्योतीराम फेटा बांधून दारात उभा. त्याच्या बाजूच्या खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या होत्या आणि तो तिकडं बघायचं टाळत होता. ऊन उतरलं, तसा महामार्गावरून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. विलासचा फोन लागेना. तेवढ्यात अण्णासाहेबांचाच फोन आला. भोसरी सोडल्यापासून गाड्या जागच्या हलत नव्हत्या. नवरदेव गाडीत घामाघूम, बँडवाल्यांचा टेम्पो कुठं मागं राहिलाय त्याचा पत्ता नाही.

"अर्धा तास म्हणाला होतात ना, व्याही?"

ज्योतीरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आता लपवण्यात काय हशील होतं? "चूक माझी," तो म्हणाला. "रविवारी आमच्याकडं कामाचा दिवस असतो. पाळी सुटली की असंच होतं. मला ठाऊक होतं, पण कमीपणा वाटला म्हणून बोललो नाही."

अण्णासाहेब म्हणाले, असू द्या, सगळेच उतरून चालत येतो, आणि फोन बंद झाला. आत भटजींनी घड्याळाकडं बघून घसा खाकरला. ना नवरदेव, ना मामा, ना माणसं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चौकाकडून गलका ऐकू आला तेव्हा त्याला वाटलं भांडण लागलं. तो कमानीबाहेर आला. रस्त्यावर गाड्या चिकटून उभ्या, आणि त्यांच्या मधून निळ्या गणवेशातली माणसं येत होती. दहा नाहीत, वीस नाहीत, अख्खी पाळी. चाकणकडून येणाऱ्या कंपनीच्या बसगाड्याही चौकात अडकल्या होत्या. मग विलासनं सगळ्यांना खाली उतरवलं. तिथं त्याला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव दिसला, भर रस्त्यात, कुठं वळावं ते न कळून उभा. त्यानं रविराजला हाक मारली, आणि मग काय, वरात तिथूनच निघाली. बँड नव्हता. मागं अडकलेल्या बसच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर ठेका धरला आणि पोरं कंपनीच्या जाड बुटांनिशी नाचायला लागली. पुण्याच्या शालू नेसलेल्या बायका आधी बिचकल्या, मग त्यांच्या टाळ्याही त्यात मिसळल्या. मधोमध अण्णासाहेब, एक हात मुलाच्या पाठीवर आणि दुसरा विलासच्या खांद्यावर टाकून चाललेले.

ज्योतीरामच्या डोळ्यांना धार लागली. त्यानं ती फेट्याच्या शेमल्यानं पुसली आणि पुन्हा आली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्याला त्या संध्याकाळी कळलं.

मुहूर्त साधला. विलासनं बूट काढले, हातपाय धुतले आणि गणवेशातच दीपमालाला बोहल्यावर आणलं. तिच्या शालूला तेलाचा वास लागेल म्हणून तो अंग चोरून चालत होता, आणि तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. अक्षता पडल्या तेव्हा रिकामी खुर्ची अशी एकही नव्हती. पुण्याची माणसं मागं उभी होती.

जेवताना दोन्ही व्याही एकाच पंगतीला बसले. अण्णासाहेबांनी जिलबी मोडली. "रस्ते रुंद आहेत हो तुमचे," ते म्हणाले. "चालायला फार बरे पडले." ज्योतीरामला ठसका लागला. विलासनं पाणी पुढं केलं आणि पंगतभर हसू पसरलं.

लेक सासरी गेली. घर दोन दिवस फार मोठं वाटलं. मग अण्णासाहेबांचा फोन आला. सत्यनारायणाची पूजा ठरवली होती, घरी, कसब्यात. गुरुवारी.

ज्योतीरामला वाटलं, बोलण्यात काही चूक होतेय. गुरुवारी तुमच्याकडं कोण येणार, म्हणून त्यानं विचारलं.

"आमचे लोक काढतील रजा," अण्णासाहेब म्हणाले. "तुमच्या शहराला गुरुवारी सुट्टी असते ना, म्हणून धरला. त्या सगळ्यांना घेऊन या. मी ओळखतो आता त्यांना."

ज्योतीरामनं फोन ठेवला आणि तो पायरीवर टेकला. तुमचं शहर, म्हणाले अण्णासाहेब. तिकडं नाही म्हणाले. त्यानं रुक्मिणीबाईला ते दोनदा सांगितलं, मग विलासला फोन करून तिसऱ्यांदा सांगितलं.

त्याच संध्याकाळी गावाकडून म्हाताऱ्या चुलत्याचा फोन आला. गुडघ्यापायी त्यांना लग्नाला येता आलं नव्हतं. सगळी चौकशी झाली, आणि शेवटी त्यांनी विचारलं, लेक दिली कुठं?

"पुण्याला दिली," ज्योतीराम म्हणाला. आणि वर म्हणाला, "चांगलं शहर आहे, काका."