ओल्या तुरीच्या शेंगा

परवा बालवाडीच्या मागणीचं पत्रक लिहीत होतो. ‘तीन वर्षांच्या पोराच्या हातात पाटी कोंबणं हा जुलूम आहे,’ असं ठणकावून लिहिलं आणि स्वयंपाकघरातून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास आला. पेन थांबलं.

सात वर्षांपूर्वीची नाताळची सुट्टी. नौपाड्यातल्या आमच्या ओट्यावर कोवळं ऊन होतं. वहिनी तूर सोलत होती आणि तीन वर्षांची पुतणी बेबी प्रत्येक टरफलासमोर त्यातले दाणे ओळीने मांडत होती. कुठे चार, कुठे पाच. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि देशाला शहाणं करायला निघालो होतो.

“वहिनी, पोरीचा वेळ फुकट घालवतेस. पाटी दे तिला.”

“अहो भावोजी, मोजतेय ती. बघा तरी.”

“मोजतेय कसली, खेळतेय.”

मी सगळे दाणे हाताने सुपात लोटले आणि पाटीवर एकचा आकडा काढून ती तिच्यापुढे ठेवली. बेबी रडली नाही. रिकामी टरफलं गोळा करून आईच्या पाठीमागे जाऊन बसली. त्या सुट्टीत ती पुन्हा माझ्याजवळ आलीच नाही.

परवा शेंगांची ताटली ठेवताना वहिनीने पत्रक वाचलं. ‘मुलांना घरी दाणे मांडू द्या, मोजू द्या,’ या ओळीवर तिचं बोट थांबलं.

“हे कुठून सुचलं, भावोजी?”

खरं उत्तर जिभेवर होतं. भर सभेत कुणालाही न भिणारा मी म्हणालो, “एका पुस्तकात वाचलं.”

“बरं झालं, कुणीतरी लिहिलं,” ती म्हणाली आणि आत गेली.