लिफ्टचं गाऱ्हाणं

आमच्या सोसायटीच्या फळ्याचे दोन तुकडे झाले, त्याला जबाबदार धाकू घाडीगावकर. अकरा वर्षं त्या फळ्यावर मी रोज सकाळी सुविचार लिहीत होतो. बोरिवली पूर्वेच्या आमच्या चार मजली इमारतीत चोवीस घरं आहेत आणि सुविचाराची गरज नाही असं त्यात एकही नाही, हे मी सेक्रेटरी या नात्याने खात्रीने सांगतो. एके दिवशी खाली उतरलो तर फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावी बाजू माझ्यासाठी मोकळी सोडलेली, उजवीकडे 'आजची साईट' असा मथळा आणि खाली इंटरनेटचा एक लांबलचक पत्ता.

"अरे, विचारायचंस तरी!" मी म्हणालो.

"तुझे सुविचार लोकांक पाठ झाले रे, शरदा," धाकू हातावरचा खडू झटकत म्हणाला. "आता कायतरी नवीन बघूंदेत."

धाकूचे वडील कोकणातून गिरणीत आले. धाकू आयटीआय करून लिफ्टच्या कंपनीत लागला. चौतीस वर्षं त्याने मुंबईभर बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या आणि स्वतः राहिला बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, हा इंटरनेटवर जाऊन बसला. त्याच्या घरात शिरलं की कुठल्या तरी कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत असायचंच. गच्चीवर श्रीखंडाच्या डब्यात त्याने वारा आणि पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. दरवर्षी नवा फोन घ्यायचा आणि जुन्यातलं सगळं पुसून टाकायचा, नव्यातलंही दर रविवारी झाडून काढायचा. "कोरी पाटी बरी," म्हणायचा. मी सहा वर्षं एकच फोन वापरतोय, त्याचा एक कोपरा फुटलेला आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

कधी तरी मी शिष्टाचार म्हणून बोलून गेलो होतो, "धाकू, तुझी मालवणी ऐकायला बरी वाटते रे." झालं! त्या दिवसापासून तो माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोलला नाही. वर रोज सकाळी सातला माझ्या फोनवर त्याचा आवाजी निरोप येऊ लागला. मी ते निरोप ऐकत नसे. स्पष्टच सांगतो, एकही ऐकला नाही. सकाळी सात वाजता मला चहा लागतो, जगातली आश्चर्यं नव्हे. जिन्यात भेटला की, "ऐकलं रे, झकास होतं," असं ठोकून द्यायचो. तोही मान डोलवायचा.

त्याचं आणखी एक काम होतं, ते मात्र मला मनापासून आवडायचं. घाडीगावकरांकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आहे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, काय हवं ते मोठ्या आवाजात सरळ सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या इमारतीत पाण्याचा नवा पंप बसो की दुसऱ्या मजल्यावरच्या राजेशची गाडी येवो, नारळ ठेवून गाऱ्हाणं धाकूच घालायचा. पंपाच्या वेळी त्याने देवाला पंपाची हॉर्सपॉवरसुद्धा सांगितली होती. ते ऐकताना चौथ्या मजल्यावरून त्याची बायको शेवंती सगळ्यांत आधी "व्हय म्हाराजा" म्हणायची. ती म्हटल्याशिवाय बाकीच्यांचा आवाज फुटायचा नाही.

शेवंतीचे गुडघे गेले आणि तिचं खाली येणं बंद झालं. लिफ्ट बसवून घ्यायची, हा धाकूचा ध्यास होता. परवानग्या, नकाशे, सभा, भांडणं, सगळं त्याने केलं. जिन्याला लागून अखेर खड्डा खणायला घेतला तेव्हा शेवंती सात महिने घराबाहेर पडलेली नव्हती. आणि त्याच महिन्यात धाकूचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली, मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही.

हे मला सांगायला तो आला तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. हा पठ्ठ्या मात्र डोळे विस्फारून फोन दाखवत होता. "शरदा, एक साईट गावली! शंभर वाक्यां वाचूची. मगे मी टाईप केलंय की फोन माझ्या आवाजात बोलतलो. माझ्या! समाजला?"

ऑपरेशनला बारा दिवस होते. बारा दिवस तो दार लावून वाचत बसला. आणि इथे त्याने चूक केली, जी आपल्याकडचा कुठलाही माणूस करेल. समोर माइक आला आणि त्याच्या अंगात शाळेतले गुरुजी शिरले. शंभरच्या शंभर वाक्यं त्याने शुद्ध, स्वच्छ, ताठ मानेच्या मराठीत वाचली.

ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याभराने धाकूने शेवंतीसमोर फोन धरून पहिलं वाक्य टाईप केलं. मी तिथेच होतो. फोन म्हणाला, "शेवंती, मला थोडा चहा देतेस का?"

शेवंतीने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यो कोण बातम्यावालो?"

धाकूने पुन्हा बटण दाबलं. तोच गुळगुळीत आवाज, घशातली घरघरसुद्धा साईटने पुसलेली. "त्याका गप बस म्हणून सांगा," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या माणसाच्या तोंडून परका बोलायला लागला, तर कोण ऐकून घेईल? पण धाकूचा चेहरा माझ्याच्याने बघवला नाही. पुन्हा वाचावं तर वाचायला गळा उरला नव्हता. जुनं काही रेकॉर्डिंग असावं तर सगळ्या पाट्या त्याने स्वतःच कोऱ्या केलेल्या.

त्यानंतर तो बातम्यावाला कधी बोलला नाही. हवं-नको धाकू हातवाऱ्यांनी सांगायचा. लिफ्टचं काम चालू होतं, तिथे स्टूल टाकून बसायचा, कामगारांना बोटाने दाखवायचा. फळ्याची उजवी बाजू कोरी राहिली. मी सुविचार लिहायचो, पण रेघ पुसायला हात धजायचा नाही. ज्या माणसाने सुविचारांची अर्धी जागा बळकावली, त्याच्यासाठी मी सकाळी सकाळी डोळे पुसत उभा राहीन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग एका दुपारी माझ्या फोनने सांगितलं की जागा संपली. काय पुसावं म्हणून बघायला गेलो. धाकूच्या नावासमोर सहाशे अडतीस निरोप होते. आपोआप उतरलेले, न उघडलेले. पुसायच्या आधी एक तरी ऐकावा म्हणून दाबला.

"आयकतंस मां, शरदा? आज एक साईट बघलंय. आपण उभे आसव थयसून सरळ खाली भोक पाडलां तर पृथ्वीच्या पलीकडे खय भायर पडतलव, ता दाखवता. बोरवलीतसून भोक पाडलां तर समुद्रात पडतंव रे! चारय बाजूंक पाणी! मी आपलो घाबरान खुर्चीतच पाय वर घेतलंय."

आणि तो हसला. खोकत, फुप्फुसं हलवत, जसा तो हसायचा तसा.

मी दुसरा लावला. गोल फिरवायची पृथ्वी, कुठल्याही गावावर बोट ठेवलं की तिथला रेडिओ लागतो. कुठल्या तरी बर्फातल्या गावात एक बाई गात होती आणि धाकू तिच्यामागे ताल धरत होता. तिसऱ्यात या क्षणी जगात कुठे वीज पडतेय ते दाखवणारा नकाशा. चौथ्यात सूर्यमालेच्या बाहेर निघून गेलेलं यान, त्याचं अंतर साईटवर सेकंदासेकंदाला वाढतंय आणि धाकू आकडे वाचता वाचता गप्प झालाय. मग हळूच म्हणतो, "एकटाच चल्ला रे ता." चहा गार झाला, दिवेलागण झाली, मी उठलो नाही. एवढं मोठं जग हा माणूस दोन वर्षं रोज माझ्या दारात आणून ठेवत होता आणि मी दार उघडलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. मी तसाच, पायात चप्पलही न घालता, चौथ्या मजल्यावर गेलो.

धाकूने फोन हातात घेतला. निरोपांची ती रांग बघितली. आज ऐकलेले थोडे सोडले तर प्रत्येकाशेजारी न ऐकल्याची खूण. मी म्हणालो, "धाकू, मी खोटं बोलत होतो. आजपर्यंत एकही ऐकला नव्हता रे."

त्याने पाटीसारखी वही पुढे ओढली आणि लिहिलं, 'माका म्हायत होता. तू आयकलंस की माझ्या फोनवर माइकची खूण निळी होता. कधीच होवक नाय.'

"मग पाठवत कशाला होतास?"

'बोलूक कोण तरी होयो मां. आणि माका वाटला तू पुसतंस.'

 फोन त्याच्याच हातात ठेवून मी अनवाणीच खाली उतरलो.

दोन दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही. सहाशे अडतीस निरोप त्याने त्या शंभर वाक्यांच्या साईटला चारले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं, दार लावलं आणि बटण दाबलं. फोन म्हणाला, "आयकतंस मां, शरदा?"  तोच घोगरेपणा, वाक्याच्या शेवटी तेच वर जाणं. आणि लांब वाक्य आलं तेव्हा मधे तो आवाज थांबला आणि त्याने श्वास घेतला. फुप्फुस नाही, गळा नाही, आणि श्वास! धाकू माझ्याकडे बघत होता आणि दोघांच्याही डोळ्यांना पाणी होतं. मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली, पण इतका थक्क कुठल्याच गाभाऱ्यात झालो नव्हतो.

"शेवंतीला ऐकव," मी म्हणालो.

त्याने नकाराची मान हलवली. पुन्हा वहीत लिहिलं, 'परत कोण म्हणून इचारल्यान तर?' आणि वही मिटली. मीही आग्रह केला नाही.

लिफ्टचा मुहूर्त रविवारी होता. खाली नारळ, फुलं, पेढे आणि चोवीस घरं. शेवंती वर, जिन्याच्या कठड्याला धरून उभी. धाकूने स्टुलावर लिंबाएवढा स्पीकर ठेवला. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी विचारलं, "मशीनने म्हटलेलं देवाला चालतं का हो?"

"मंडपात आरती स्पीकरवर लावता तेव्हा विचारलं होतंत का?" मी म्हणालो. 

धाकूने हात जोडले, मग एका बोटाने बटण दाबलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या बोरवलीत चोवीस घरांनी मिळान ही लिफ्ट बसवलली आसा. ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

कुणीही "व्हय" म्हटलं नाही. सगळे स्पीकरकडे बघत राहिले. मला म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. धाकू वर बघत नव्हता. त्याची नजर नारळावर होती.

"हिका मदीच अडकवू नको. म्हातारी-कोतारी आत आसताना लाईट घालवू नको. आणि चवथ्या माळ्यार," इथे आवाजाने श्वास घेतला, "चवथ्या माळ्यार एक बाईल वरीसभर घरात बसान आसा. तिका पयली खाली घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वरून आला तो शब्द. जिन्याच्या पोकळीतून थेट खाली, खणखणीत. मग राजेश म्हणाला, विमलाबाई म्हणाल्या, मी म्हणालो, सगळी इमारत म्हणाली.

धाकूने नारळ फोडला आणि एकटाच लिफ्टमध्ये शिरला. दरवाजा मिटला. आम्ही आकडे बघत उभे राहिलो. एक, दोन, तीन, चार. मग परत तीन, दोन, एक, शून्य. दरवाजा उघडला तेव्हा शेवंती धाकूच्या दंडाला धरून उभी होती. तिने आधी अंगणाकडे नजर टाकली, ऊन बघितलं, मग स्टुलावरच्या स्पीकरकडे वळून बघितलं, आणि मग नवऱ्याकडे.

"इतक्या मोठ्यान कित्याक वराडतास?" ती म्हणाली. "मी काय भयरी आसय?"

धाकूने घाईघाईने स्पीकरचा आवाज कमी केला.