कपिलधारला काय हरवलं?

नगरहून निघताना वाटेत जो भेटला त्याने विचारलं, "सासुरवाडीला का?" आणि प्रत्येकाला मी हो म्हणून मोकळा झालो. खरं म्हणजे मी सासुरवाडी टाळूनच पुढे चाललो होतो.

माझी बायको गोदा बाळंतपणासाठी चकलांब्याला माहेरी गेली होती. मागच्या खेपेला मूल जन्मताच गेलं. तेव्हापासून माझ्या मनाला वाईटाशिवाय दुसरं काही सुचेना. ती शिंकली तरी मला वैद्य दिसे, आणि जरा जास्त झोपली तर मी तिचा श्वास बघत उभा. तोंडाने मी काही बोलत नसे, पण तिला सगळं कळे. माहेरच्या गाडीत बसताना ती म्हणाली, "तुमी माज्याकडं बगता तवा मला माजीच तिरडी दिसती. डोळे नीट करून या, न्हाईतर येऊच नका."

डोळे नीट कसे करायचे, हे कोणाला विचारावं? शाळेतला एक सहकारी शिक्षक म्हणाला, निजामाच्या मुलखात, बीडच्या पलीकडे कपिलधारला एक जंगम (लिंगायतांचे गुरू) आहेत, ते मन स्थिर करायला शिकवतात. मन ताळ्यावर आलं की डोळेही येतील, असं समजून दिवाळीची सुट्टी लागताच मी बैलगाडी धरली.

हद्दीवर करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागला. पाटीवर सगळी उर्दू अक्षरं. मी शाळामास्तर, पण इथे निरक्षर. कारकुनाने गाठोडं तपासलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तोंड असं कावून (का) केलंय? काय लपवलंय का?"

"काही नाही."

"मंग हसा की."

मी हसायचा प्रयत्न केला. ते पाहून त्याने गाठोडं पुन्हा सोडायला लावलं.

पुढे मुलूख कोरडा होत गेला. काळे दगड, बाभळी, मधूनच एखादा मेंढरांचा कळप. शिरूर कासारला गाडी थांबली. इथून एक वाट चकलांब्याकडे जाते. गाडीवान त्या भागातला होता, त्याला माझी सासुरवाडी ठाऊक होती.

"आवं, तुमची सासुरवाडी त्या अंगाला. तुमी इकडं कुठं?"

"मन शांत करायला."

"मंग तर सासुरवाडीला जाऊच नका," असं म्हणून तो एकटाच खूप वेळ हसला. मी त्या वाटेकडे वळून वळून पाहत राहिलो. इतक्या जवळ येऊन गोदाला न भेटता पुढे जाणं म्हणजे शहाणपण की भित्रेपणा, मला ठरवता येईना.

कपिलधारला दरीत उतरलं की हवा एकदम गार होते. कड्यावरून धार पडते, खाली कुंड, बाजूला देऊळ. यात्रेकरू आधीच येऊन उतरले होते. सकाळी ते कुंडात न्हात, कपाळाला भस्म लावत आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पापणी न हलवता त्याकडे बघत बसत. हे लिंग त्यांच्या अंगावरून जन्मभर उतरत नाही. त्यांचे शांत चेहरे पाहून मला हेवा वाटला. जंगमांना सगळे आप्पा म्हणत. मी म्हटलं, "आप्पा, मलाही हे शिकवा."

"तुमच्यापाशी लिंग न्हाई. तळहात तर हाय? त्येच्याकडं बगा."

"आणि विचार आला तर?"

"आला म्हनायचं."

"मग?"

"मंग परत तळहात."

मला वाटलं, आणखी काही सांगतील. ते उठून गायीला पाणी दाखवायला गेले.

मी तळहाताकडे बघत बसलो. आधी नजरेस पडली ती आयुष्याची रेषा. माझी चांगली लांब होती. म्हणजे मागे राहणार तो मीच, असं माझ्या मनाने लगेच ठरवलं. मन शांत करायला आलो आणि काळजीला नवा पुरावा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, आप्पांनी लावलेलं भस्म कपाळी घेऊन, ओल्या अंगाने कुंडाच्या काठावर बसलो. डावा हात पुढे धरला. "आला" म्हणायचं विसरलो आणि विचारच मला घेऊन गेला. चकलांब्याचं अंगण, गोळा झालेली माणसं, मधोमध तिरडी. माझ्या डोळ्यांना धार लागली.

शेजारची एक म्हातारी ओरडली, "आगं बया! पान्यात पडलं का वं तुमचं?"

मी डोळे पुसत राहिलो. तिने माझ्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं आणि हाक मारून सगळ्यांना गोळा केलं. बघता बघता पुरुष कुंडात उतरले. बायका पदराने वाळू चाळू लागल्या. कोणाचं तरी पोर बुडालं असं वाटून मीही उडी टाकली आणि जीव तोडून दगडांमागे शोधू लागलो. काय शोधतोय हे विचारायला उसंत कोणाला होती?

ऊन चढलं. एका बाईने भाकरीचं फडकं सोडलं आणि तसंच पुन्हा बांधलं. मी म्हातारीला म्हटलं, "आई, यांनी खाऊन का घेतलं नाही?"

"तुमचं लिंग सापडल्याबिगर तुमी पान्याचा घोट घेनार न्हाई, आन आमी भाकर मोडावी व्हय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लिंगायताचं लिंग हरवलं की ते सापडेपर्यंत त्याला अन्नपाणी वर्ज्य. माझ्यासाठी ही सगळी माणसं सकाळपासून उपाशी होती. मी कमरेइतक्या पाण्यात लाजेने मेलो.

"माझं लिंग हरवलं नाही. मी लिंगायतच नाही."

"थट्टा करतो का बे?" एक तरणा गडी अंगावर आला. म्हातारीने त्याला हाताने अडवलं.

"मंग रडत कावून व्हता?"

"बायकोसाठी."

"आरं देवा. कवा गेली बिचारी?"

"गेली नाही. चकलांब्याला आहे, बाळंतपणाला."

"आजारी हाय?"

"नाही."

म्हातारी पदर पिळता पिळता थांबली. "मंग तुमचं हरवलंय काय?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी माझ्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. तो तरणा गडी आधी हसला, मग सगळेच हसले, आणि कसं कोण जाणे, मीही. म्हातारीने अर्धी भाकरी आणि तिळाची चटणी माझ्या हातावर ठेवली, त्याच डाव्या तळहातावर. "खावा आन तिच्याकडं जावा. हितं काय करताव?"

निघताना मी आप्पांना विचारलं, मला ध्यान जमलं की फसलं? ते म्हणाले, "आला म्हनलाव का?" मी म्हटलं, विसरलो. "मंग आता म्हना," एवढंच बोलून ते पुन्हा गायीकडे वळले.

चकलांब्याला पोचलो तेव्हा गोदा ओसरीवर पाय पसरून चिंच खात होती. पाय सुजलेले होते. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"झाले का डोळे नीट?"

"माहीत नाही."

"बगा बरं माज्याकडं."

मी पाहिलं. तिरडी आलीच. मी मनात म्हटलं, आला. मग परत गोदाकडे पाहिलं.

"तुझ्या हनुवटीला चिंच लागलीय," मी म्हणालो.

तिने ती पुसली आणि सरकून मला जागा दिली.

सुट्टी संपल्यावर निघताना ती म्हणाली, "बारशाला या." "सगळं नीट पार पडलं तर," हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते गिळून मी विचारलं, "तुला लुगडं कुठल्या रंगाचं आणू?" तिला अंमळ नवलच वाटलं. "हिरवं," ती म्हणाली.

आता नगरला आहे. तिचे दिवस अजून भरायचे आहेत. रोज सकाळी तळहाताकडे बघतो. याला ध्यान म्हणतात की नाही, कोण जाणे. परवा कापडबाजारात गेलो. दुकानदाराने लुगड्याची घडी मोडली आणि त्या घडीतूनही एक वाईट विचार निघालाच. तो तिथे दुकानातच राहिला की माझ्याबरोबर घरी आला, हे अजून नक्की सांगता येत नाही. लुगडं मात्र आणलं आहे.